कोस्माचा भाऊ

पेटीचं झाकण बसत नव्हतं.

पास्कू मेस्त्रीने ते दोनदा उचललं, फिरवून पुन्हा ठेवलं. डोक्याच्या बाजूला ते नीट टेकत होतं, पायांकडे वीतभर वर राहत होतं. आत पापांचे गुडघे होते.

"माप तूच दिलंस ना, ब्रिजी?" मेस्त्रीने विचारलं.

"हो."

मी उंची सांगितली होती, पाच फूट सहा इंच. पापा एका कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन गेले होते हे सांगायचं मला सुचलं नव्हतं.

१९८३ सालच्या नोव्हेंबरातली ती शुक्रवारची सकाळ. आठ वाजून गेले होते. दहाला चर्चमध्ये अंत्यविधीची मिस्सा होती आणि वसईतल्या आमच्या आळीतली निम्मी माणसं ओट्यावर येऊन उभी होती. त्यांतल्या बहुतेकांचं एखादं तरी हाड पापांनी बसवलेलं होतं. पापा हाडवैद्य होते. आणि आता त्यांचेच पाय सरळ होत नव्हते.

आदल्या दिवशी दुपारी त्यांनी पेजेचे चार घोट घेतले आणि ते भिंतीकडे तोंड करून झोपले. मी शाळेतून अर्धी रजा घेतली होती. त्यांच्या खाटेशेजारी खुर्ची ओढून मी चौथीच्या वह्या तपासायला बसले. सत्तावीस वह्या झाल्या. चार वाजता चहा घेऊन मी खांद्याला हात लावला तेव्हा कळलं. म्हणजे दोन तास मी मेलेल्या माणसाशेजारी बसून शुद्धलेखन तपासत होते. हे मी पुढे बऱ्याच जणांना सांगितलं. सांगताना मला काही वाटत नसे. तेव्हाही वाटलं नव्हतं. चहा मी परत आत नेला आणि झाकून ठेवला.

वर्षभर ते तसेच दुमडून पडून असत, म्हणून संध्याकाळी पायांना कोणी जोर लावला नाही. सकाळी पाहिलं तर अंग लाकूड झालेलं.

"जोर लावू का?" मेस्त्रीने विचारलं.

"मोडेल," एस्पेरान्स मावशी म्हणाली. ती माझ्या आईची बहीण. आई जाऊन सहा वर्षं झाली होती, तेव्हापासून घरातलं सगळं मावशीला विचारून होत असे. "हाडं बसवण्यात जन्म गेला त्याचा. त्याला पाय मोडून पाठवायचा?"

मग ओट्यावरून एक म्हातारा आवाज आला, "दामियानला बोलवा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मंगळवारी पापांनी मला जवळ बोलावलं होतं. त्यांचं बोलणं तेव्हा ओठांजवळ कान नेल्याशिवाय ऐकू येत नसे. ते म्हणाले, "मी गेलो की दामियान येईल. येऊ दे. पण त्याचा हात माझ्या अंगाला लागता कामा नये."

"बरं."

"शब्द दे."

"दिला, पापा."

मी मावशीला म्हटलं, "मी जाऊन येते." आणि चपला घातल्या.

पापा आणि दामियान काका जुळे. एका चेहऱ्याचे, एका आवाजाचे. संत कोस्मा आणि संत दामियान यांच्या सणाच्या दिवशीच ते जन्मले. ते संतही जुळे भाऊ, वैद्य आणि कोणाकडून काही न घेता लोकांना बरं करणारे. पोरं अशक्त होती, जगतील असं कोणाला वाटत नव्हतं. माझ्या आजीने नवस बोलला, की जगली तर त्यांना हीच नावं ठेवीन आणि तीही लोकांना फुकट बरं करतील. पोरं जगली. मोठी झाल्यावर एका म्हाताऱ्या हाडवैद्याच्या हाताखाली शिकली. नवस त्यांनी इतका पाळला, की रोग्याच्या घरचं पाणीसुद्धा ते पीत नसत. भर उन्हात चालत जायचे, हाड बसवायचे आणि तहानलेले परत यायचे.

दोघांची रीत मात्र वेगळी होती. पापा रोग्याच्या तोंडावर ओला टॉवेल टाकायचे आणि संतांची गोष्ट सांगायला लागायचे. अरबस्तानातले दोन भाऊ, त्यांनी कोणाकोणाला बरं केलं, मग राजाच्या सुभेदाराने त्यांना कसं पकडलं. "हात बांधले, पाय बांधले, कड्यावर नेले, उचलले, आणि..." या 'आणि'ला ते हाड ओढायचे. पुढचं रोग्याच्या बोंबेत बुडून जायचं. आमच्या आळीत कित्येकांना ती गोष्ट 'आणि'पर्यंतच माहीत होती. काका काही बोलत नसत. ते उंडीचं तेल चोळायचे आणि मोडल्या जागेवर तळवा ठेवून बसून राहायचे, आतला ताठा आपोआप सुटेपर्यंत. त्यांना वेळ लागायचा. म्हणून घाई असलेले लोक पापांकडे यायचे.

मी नऊ वर्षांची असताना पेरूच्या झाडावरून पडले. डाव्या कोपराचं हाड सरकलं. तीन आठवड्यांनी बांधलेल्या बांबूच्या कामट्या सोडल्या तेव्हा हात कोपरातून बाहेर वळलेला होता. तो तसाच राहिला. आळीत त्याची हकिगत सगळ्यांना पाठ होती. त्या दिवशी सकाळी दामियान कातकरवाडीत एका पोराची मांडी बघायला गेला, तिथे तो जेवला, नवस मोडला, आणि घरी येऊन त्याच हातांनी त्याने पुतणीचं हाड बसवलं. संतांनी त्याच्या हातातला गुण काढून घेतला. बिचाऱ्या कोस्माच्या पोरीचा हात गेला.

काकांनी महिन्याभरात घर सोडलं. गावाबाहेर, कातकरवाडीच्या अलीकडे आजोबांच्या नावावर एक तुकडा होता. तिथे त्यांनी खोपटं बांधलं, केळी लावली. त्यांच्याकडे हाड बसवायला कोणी गेलं नाही. त्यांनी लग्नही केलं नाही. सव्वीस वर्षं दोघं भाऊ रविवारच्या मिस्साला एकाच चर्चमध्ये बसत होते, एक डाव्या बाजूला, एक उजव्या.

त्या सकाळी मी पोचले तेव्हा काका केळीच्या आळ्यात पाणी सोडत होते. मला पाहून त्यांनी फावडं टेकवलं. काल ज्याचे डोळे मी मिटले होते तोच चेहरा उन्हात उभा होता. मला धक्का बसायला हवा होता. मी फक्त त्यांच्या पायांना लागलेला चिखल पाहत राहिले.

"काल मयताची घंटा ऐकली," काका म्हणाले. "किती वाजता गेला?"

"दुपारी. झोपेत."

"दुखलं का त्याला?"

"माहीत नाही. मी शेजारीच होते, पण मला कळलं नाही."

त्यांनी मान हलवली. "काही बोलला होता?"

मला खोटं बोलता आलं असतं. कोणी ऐकलेलं नव्हतं. पण खोटं बोलायलाही थोडा जीव लागतो, तो माझ्यात नव्हता.

"तुम्हाला येऊ द्यावं म्हणाले. पण तुमचा हात त्यांना लागू देऊ नये. मी शब्द दिलाय."

"मग मी मिस्साला येतो. मागे बसेन."

"काका, पेटीचं झाकण बसत नाही. गुडघे वर आलेत. लोक जोर लावायचं म्हणतायत."

काकांनी वाहतं पाणी बंद केलं.

"शब्द तू दिलास," ते म्हणाले. "मोडणार तूच. चालेल तुला?"

"चालेल."

"थांब. सदरा बदलतो."

ते आत गेले. खोपटाच्या पडवीत एक म्हातारी कातकरीण सुपात वाल निवडत बसली होती. तिला मी लांबून ओळखत होते. बुधी तिचं नाव, काकांच्या वाडीत कामाला असायची. ती माझ्या हाताकडे बघून म्हणाली, "घंटा वाजली तवा हा हितंच खाली बसला. सांजपर्यंत उठलाच नाय."

तिने मूठभर वाल सुपात पसरले.

"माझ्यामुळं तुटलं त्यांचं. तुला ठाव हाय?"

"तुमच्या घरी जेवले म्हणून."

"माझा पोरगा ताडावरून पडलेला. तुझा काका आठ दिस चालत येत व्हता. काय घेत नव्हता. पानी पन नाय. नवस-बिवस मला काय ठाव? मी बोलले, आमच्या हातचं चालत नाय ना तुला? गावातल्या कुनालाच चालत नाय, तू बी त्यांच्यातलाच." तिने सुपातला खडा बाहेर टाकला. "तर तो मटकन खाली बसला. बोलला, वाढ."

"काय वाढलंत?"

"चिंबोऱ्यांचा रस्सा. भाकर. दोन भाकरी खाल्ल्या त्यानं. वर पानी प्याला."

काका धुतलेला पांढरा सदरा घालून बाहेर आले. हातात तेलाची बाटली होती. आम्ही वाटेला लागलो. एकदा फक्त त्यांनी विचारलं, "कोणत्या कुशीवर आहे?"

"उजव्या."

"नेहमी डाव्या कुशीवर झोपायचा."

ओट्यावरची माणसं बाजूला झाली. काकांनी उंबऱ्यात पाऊल टाकलं तशी बायकांची रोझरीची प्रार्थना मध्येच थांबली. सव्वीस वर्षांत ते या घरात आले नव्हते. ते सरळ पेटीपाशी गेले आणि भावाच्या तोंडाकडे पाहत उभे राहिले. दोन्ही चेहरे एकाच वेळी बघणं कठीण होतं. पास्कू मेस्त्रीने मान खाली घातली.

"बाहेर काढा त्याला," काका म्हणाले. "खाली चटईवर ठेवा. ब्रिजी, गरम पाणी आण. आणि जुनी लुगडी."

आम्ही पापांना चटईवर ठेवलं. मी पाणी आणत होते, लुगड्याच्या पट्ट्या भिजवून पिळून देत होते आणि काका त्या गुडघ्यांभोवती गुंडाळत होते. पाणी कढत होतं, पिळताना माझे हात लाल झाले. मावशीने ते पाहिलं आणि माझ्या हातातलं भांडं काढून घेतलं.

मग काकांनी तेल घेतलं. मांडीपासून खाली, पुन्हा वर, पुन्हा खाली. त्यांनी कुठेही ओढलं नाही. एक तळवा गुडघ्यावर, एक घोट्याखाली, आणि थांबणं. माणसं दारातून वाकून बघत होती. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. चर्चच्या पहिल्या घंटेची वेळ जवळ आली होती.

आणि काका बोलायला लागले.

मोठ्याने नाही. पापांच्या कानाशी बोलावं तसं. पण घरात इतकी शांतता होती की सगळ्यांना ऐकू येत होतं.

"एक बाई होती. पलादिया तिचं नाव. कित्येक वर्षं अंथरुणाला खिळलेली. कोस्मा आणि दामियान तिच्याकडे गेले आणि तिला उभं केलं. तिला काहीतरी द्यायचं होतं. कोस्मा घेणार नाही हे ती समजून होती. म्हणून एक दिवस दामियान एकटा सापडला तेव्हा ती आली. पदराखाली तीन अंडी."

पापा ही गोष्ट कधी सांगत नसत. मी कधी ऐकली नव्हती.

"दामियान नको म्हणाला. तिने त्याला देवाची शपथ घातली. मग काय करणार? घेतली त्याने."

डावा घोटा किंचित खाली आला. काकांनी तो तिथेच धरून ठेवला.

"कोस्माला कळलं. तो म्हणाला, मी मेलो की मला याच्या शेजारी पुरू नका."

दारातलं कोणीतरी खोकलं.

"मग त्या दोघांना धरलं. पाण्यात टाकलं, बुडले नाहीत. आगीत टाकलं, जळले नाहीत. शेवटी मुंडकी उडवली. लोक रडत आले, देह उचलले. आता करायचं काय? कोस्मा तर सांगून गेलेला. लोक खड्ड्यापाशी नुसते उभे. तेवढ्यात एक उंट आला. या दोघांनी त्याला पूर्वी बरं केलं होतं. तो आला आणि माणसासारखा बोलला."

डावा पाय चटईला टेकला. काका उजव्याकडे वळले. त्यांच्या कपाळावरचा घाम नाकावरून खाली टपकत होता.

"काय बोलला?" पास्कू मेस्त्रीने हळूच विचारलं.

"एकत्र ठेवा म्हणाला. दुसरं काय बोलणार?"

आणखी दहा मिनिटांनी उजवा पायही सरळ झाला. काकांनी दोन्ही पाय एकमेकांना लावले, सुरवार नीट ओढली, आणि बूट मागितले. बूट त्यांनीच घातले.

माणसांनी श्वास सोडला. एस्पेरान्स मावशीने डोळे पुसले. ती मनाने वाईट नव्हती, पण तोंडात आलं ते बोलून टाकायची. ती म्हणाली, "अरे दामियान, एवढा गुण आहे रे तुझ्या हातात अजून. मग त्या पोरीचाच हात का बिघडवलास?"

काका तेलाच्या बाटलीचं बूच शोधत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"काकांनी नाही बसवला," मी म्हटलं.

माझा आवाज वर्गात हजेरी घेताना लागतो तसा लागला होता. सगळ्यांना ऐकू गेला.

"काय?" मावशी म्हणाली.

"माझा हात पापांनी बसवला. काका तेव्हा घरात नव्हते. ते नंतर आले. त्यांनी फक्त कामट्या बांधल्या."

"तुझ्या तोंडावर टॉवेल होता. तुला कसं कळणार?"

"पापा गोष्ट सांगत होते."

आई त्या दिवशी बाजाराला गेली होती. मी रडत होते आणि पापा टॉवेल पुन्हा पुन्हा भिजवत होते; स्वतःच्या पोरीचं हाड त्यांनी कधी बसवलं नव्हतं. त्यांनी टॉवेल टाकला आणि गोष्ट सुरू केली. टॉवेलमधून पिवळा उजेड दिसत होता. हात बांधले, पाय बांधले, कड्यावर नेले. मला ठाऊक होतं की आता 'आणि' येणार. मी सगळं अंग आवळून घेतलं. त्यामुळेही बिघडलं असेल. मी किंचाळले, मग दारात काकांचा आवाज आला, "कोस्मा, थांब, ओढू नकोस." तेव्हा ओढून झालं होतं.

तीन आठवड्यांनी ओट्यावर पाचपन्नास माणसं असताना पापांनी कामट्या सोडल्या. हात पाहिला. मग ते म्हणाले, "दामियान, हे काय केलंस तू?" काका कातकरवाडीत जेवले हे त्यांनी स्वतःच पापांना सांगितलं होतं. ते आता पापांनी सगळ्यांसमोर सांगितलं. आईने मला जवळ घेतलं आणि विचारलं, "ब्रिजी, हात कोणी बसवला गं?"

पापा माझ्याकडे बघत नव्हते, माझ्या कोपराकडे बघत होते. काका माझ्याकडे बघत होते.

मी म्हणाले, "काकांनी."

एवढंच मी केलं होतं. हे सगळं मी त्या सकाळी लोकांना सांगितलं नाही. फक्त म्हटलं, "मी तेव्हा खोटं बोलले." बायकांतली एक जण मोठ्याने रोझरी म्हणायला लागली आणि बाकीच्यांनी घाईघाईने तिच्यात आवाज मिसळला.

"पेटीत ठेवा त्याला," काका म्हणाले. "उशीर होतोय."

झाकण बसलं.

काका मागच्या दारी हात धुवायला गेले. मी साबण घेऊन मागे गेले. त्यांनी साबण घेतला नाही, राख घेतली.

"का बोललीस?"

"खरं होतं ते."

"खरं मला ठाऊक होतं. त्याला ठाऊक होतं. आणखी कोणाला हवं होतं?" त्यांचा आवाज चढला नव्हता, पण हात राखेत जोरजोराने चोळले जात होते. "तेव्हा इथे हाडांचा डॉक्टर नव्हता, ब्रिजी. माणसं आमच्याकडे यायची. दोघांमधल्या एकाचं नाव राहायला हवं होतं. त्याला बायको होती, तू होतीस. मी एकटा. आणि मी जेवलो होतोच. ते काही खोटं नव्हतं."

"तुम्ही त्या बाईसाठी जेवलात."

"मी जेवलो. का, ते माझं मला." त्यांनी पाणी ओतून घेतलं. "सव्वीस वर्षं मी त्याचं नाव सांभाळलं. तो पेटीत पडल्यापडल्या तू ते मोडलंस. एक दिवस थांबता आलं नाही?"

मला बोलायचं होतं की सव्वीस वर्षं थांबले. त्याऐवजी मी विचारलं, "त्यांना तुमचा हात का नको होता?"

काकांनी तांब्या खाली ठेवला.

"लहानपणी काही फुटलं, हरवलं की आई आम्हाला समोरासमोर उभं करायची, एकमेकांचे हात धरायला लावायची. हात धरला की आम्हाला खोटं बोलता यायचं नाही. दोघांनाही." त्यांनी ओले हात सदऱ्याला पुसले. "म्हणून असेल."

"तुम्ही माझ्यावर रागावलात?"

"तेव्हाचा राग नाही. नऊ वर्षांची होतीस. आजचा आहे. जाईल तोही."

ते पुढे गेले. पेटी उचलायला चार जण उभे होते. त्यांतल्या एकाच्या खांद्यावर काकांनी हात ठेवला आणि त्याची जागा घेतली. मिस्साला ते डाव्या बाजूला बसले, पापा बसायचे त्या बाकावर. दफनभूमीत माती टाकली, मला जवळ बोलावलं नाही, आणि वाडीवर निघून गेले.

त्यानंतर काका सहा वर्षं जगले. तो 'आजचा' राग जायला त्यांना दीड वर्ष लागलं. मी दर रविवारी जायचे, ते मला केळी द्यायचे, एखादं वाक्य बोलायचे. एका रविवारी त्यांनी जेवायला थांब म्हटलं. तोवर लोक पुन्हा त्यांच्याकडे जाऊ लागले होते. ते आधी एक्स-रेचा फोटो काढून आणायला सांगायचे, हाड सरकलेलं असलं तर सरकारी दवाखान्यात पाठवायचे आणि मुरगळलेलं तेवढं स्वतः बघायचे. त्यांच्याकडे येणाऱ्यांनी काही आणलं तर ते घ्यायचे. वांगी, सुके बोंबील, एकदा कोंबडीची पिल्लं. पापांकडे येणारे त्यांच्याकडे सगळेच आले असं नाही. काहींनी मला वर्षानुवर्षं ओळख दिली नाही. मेलेल्या बापाचं नाव घालवणारी म्हणून. त्यांचंही चूक नव्हतं. काका गेले तेव्हा मी फादरांना सांगून पापांची कबर उघडायला लावली आणि त्यांना भावाशेजारी ठेवलं. कोणी विरोध केला नाही. मलाही उंटाची गोष्ट सांगावी लागली नाही.

पापांच्या दफनानंतर तीन दिवसांनी, सोमवारी, मी शाळेत गेले होते. घरी बसून करण्यासारखं काही नव्हतं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, आणखी दोन दिवस घ्या. मी म्हटलं, वह्या तपासून झाल्यात, वाटायच्या आहेत.

वर्गात एक नवी मुलगी आली होती. तिच्या वडिलांची बदली झाली होती, त्यामुळे वर्षाच्या मध्येच. मी वह्या वाटत बाकांमधून गेले तेव्हा ती माझ्या हाताकडे बघत होती.

"बाई, तुमचा हात असा का?"

शेजारच्या मुलीने तिला कोपर मारलं. इतक्या वर्षांत हे बऱ्याच मुलांनी विचारलं होतं. मी सगळ्यांना 'पडले' एवढंच सांगत आले होते.

"पेरूच्या झाडावरून पडले," मी म्हणाले. "तुझ्याएवढी होते. मग माझ्या वडिलांनी तो बसवला. ते घाबरले होते, म्हणून जरा वाकडा बसला."

"दुखलं का?"

"त्यांना जास्त दुखलं असेल."

मी फळ्याकडे वळले. वर उजव्या कोपऱ्यात तारीख लिहायची होती. खडू टेकवला आणि मला तारीख आठवेना. वार लिहिला. पुढे हात सरकेना. मागून एका मुलाने तारीख सांगितली. मग दोघातिघांनी सांगितली. मी खडू तसाच धरून उभी होते, फळ्याला कपाळ लावून. मुलं हळूहळू गप्प झाली. मग एक बाक सरकल्याचा आवाज आला आणि कोणीतरी शेजारच्या वर्गातल्या बाईंना बोलवायला धावत गेलं.